अप्पांचं नख

माझ्या भावाच्या नव्या घरात पहिली तक्रार आली ती आमच्या बापाविरुद्ध.

"ताई, तू जरा येऊन अप्पांना समजाव," धाकटा फोनवर म्हणाला. "भिंत उकरतायत. रोज सकाळी खाटेखाली वाळूचा ढीग असतो. माझं ऐकत नाहीत. तुझं तरी ऐकतील."

मी दुकानात होते. समोर गिऱ्हाईक मापासाठी हात पसरून उभं होतं आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. "येते," एवढंच म्हणाले. तोंडात टाचण्या असल्या की मी फारसं बोलत नाही, आणि घरच्यांना मी तेव्हाच सर्वांत जास्त आवडते.

दुकान अप्पांचं. शिंपीकाम. पुढे दोन मशीन आणि कापायचं टेबल, मागे एक खोली. आम्ही दोघं भावंडं त्या मागच्या खोलीत वाढलो. आई तिथंच आजारी पडली आणि तिथूनच गेली. धाकटा हुशार, तो शिकला, मिक्सर-ओव्हन विकणाऱ्या कंपनीत लागला आणि बोलण्याच्या जोरावर वर चढला. मी मशीनवर बसले ती बसलेच. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. त्याचं लोकांना वाईट वाटतं, मला नाही.

अप्पांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. पण बोटं काही स्वस्थ बसेनात. शिंप्याच्या आयुष्यात शिवण्याइतकंच उसवणंही असतं, आणि अप्पांचं उसवणं चालूच राहिलं. अंगठ्याच्या नखाने ते कुठल्याही कापडाची कड शोधायचे आणि एकेक टाका सोडवत बसायचे. सोफ्याची पाइपिंग, पडद्याची दुमड, एकदा तर बसमध्ये पुढच्या सीटचं कव्हर. वळून बघणाऱ्या बाईंना म्हणाले, "शिलाई कच्चीच होती हो." माझ्या भाचीच्या, म्हणजे भिंगरीच्या, दप्तराचा पट्टा त्यांनी गप्पा मारता मारता सुटा करून तिच्या हातात दिला होता. तेव्हा त्यांनी भिंत उकरायला घेतली हे ऐकून मला नवल वाटलं नाही. हसूच आलं.

धाकट्याचं घर शहराच्या टोकाला, नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतीत. सगळ्या इमारती इतक्या सारख्या, की पहिल्यांदा गेले तेव्हा मी शेजारच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर जाऊन भलत्याच माणसाची बेल वाजवली. चाव्या मिळाल्या त्या दिवशी धाकट्याने आम्हाला घरातलं एकेक बटण दाबून दाखवलं. दिवा लागला की तो दिव्याकडे नाही, आमच्या तोंडाकडे बघायचा. इतका खूश मी त्याला शाळेनंतर पाहिलाच नव्हता. आणि नुसतं स्वतः घर घेऊन तो थांबला नाही. ऑफिसातल्या तीन मित्रांना गळ घालून त्यांनाही त्याच वसाहतीत घरं घ्यायला लावली. विकणं हा त्याचा धंदाच. जे त्याला आवडतं ते तो दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय राहत नाही.

मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं. स्वयंपाकघराचं दार लावायला खांदा लावावा लागायचा. मधल्या खोलीतली फरशी पायाखाली पोकळ वाजायची. तसबिरीसाठी खिळा ठोकला तर खिळ्यासकट मूठभर भिंत हातात आली. धाकट्याकडे उत्तर तयार असायचं.

"नवं घर बसायला वेळ लागतो, ताई. नवा बूट नाही का चावत?"

"बूट पायाला चावतो," मी म्हटलं. "डोक्यावर पडत नाही."

तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसतो.

अप्पा मात्र त्या घरावर बेहद्द खूश होते, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची खोली मिळाली होती. लहानपणी भावंडांच्या गर्दीत, मग शिवण शिकवणाऱ्या उस्तादाच्या दुकानात कापडाच्या ताग्यांवर, मग आमच्यासोबत मागच्या खोलीत, जिथे दाराच्या जागी पडदा होता. इथे दार होतं, आणि दाराला आतून एक लहानशी पितळी कडी होती. दुपारचं जेवण झालं की अप्पा आत जाऊन कडी लावायचे आणि खिडकीतून खालचं मैदान बघत बसायचे.

"काय करता हो आत?" मी एकदा विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "कडी लावतो."

माणसं दार वाजवून आत येतात याचं त्यांना इतकं अप्रूप, की भिंगरी येता-जाता मुद्दाम दार वाजवायची आणि ते दर वेळी मोठ्या रुबाबात विचारायचे, "कोण आहे?"

तर मी समजवायला गेले. खाटेलगतच्या भिंतीला, उशीच्या उंचीवर, बशीएवढा खड्डा पडला होता. रंगाचे पोपडे चादरीवर, वाळू खाली.

"बघा ताई, सकाळी झाडलं होतं," भावजय म्हणाली. ती बिचारी वाईट नाही, पण तिच्या पाठीचे हाल होते. "नखं कापून दिली, हातात लोकरीचा गुंडा दिला, तरी तेच. आणि आता तर उशी पायथ्याला घेऊन उलटे झोपतात."

"अप्पा," मी म्हटलं, "भिंतीला अस्तर नसतं. काय शोधताय?"

अप्पा हसले. "माझंच नख गं. लक्षात राहत नाही. सवय."

मी त्यांना चार शब्द सुनावले, चहा प्यायले आणि परत आले. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

ते मिटायचं नव्हतं. थोड्या दिवसांनी धाकट्याचे ते तिघे मित्र बायकापोरांसह जेवायला आले. त्यातल्या चष्मेवाल्याने घर फिरून बघताना अप्पांच्या खोलीत डोकावलं. खड्डा आता ताटाएवढा झाला होता. "अरे, आमच्याकडेही असंच..." एवढं तो बोलला आणि धाकट्याने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. सगळ्यांच्या देखत तो अप्पांवर ओरडला. "माझं घर उसवायला बसलात का तुम्ही? किती वेळा सांगायचं?" अप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं रे. माझंच नख." मित्र हसले, जरा हायसं वाटल्यासारखे. हे सगळं मला भावजयीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ठरलं, की रंगकाम होईपर्यंत अप्पांनी माझ्याकडे राहावं. मी न्यायला गेले. पिशवी भरून झाली, चपला घातल्या, आणि दारात अप्पा वळून म्हणाले, "माझी खोली कुणी वापरायची नाही. भिंगरीनेही नाही. माझ्या खाटेवर कुणी बसलेलं मला चालायचं नाही."

भावजयीचा चेहरा पडला. शाळेतून आल्यावर पोरीला त्या खोलीत झोपवायचं तिच्या मनात होतं. घरात वारा काय तो तिथेच येतो. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटा कडवट हसून म्हणाला, "म्हातारपण." मलाही लाज वाटली. ज्या माणसाने जन्मात कशावर हक्क सांगितला नाही, तो नातीला खाट नाकारतोय.

मागच्या खोलीत त्यांची जुनी खाट होती, तीच झटकून दिली. पहिल्या सकाळी मी सवयीने वाकून खाली पाहिलं. वाळू नव्हती. नंतरही कधी दिसली नाही. उशीही जिथे असायला हवी तिथेच. बोटं मात्र चालूच होती, माझ्या चादरीचा काठ त्यांनी सावकाश सुटा केला.

"भिंतीला सोडलंत वाटतं," मी म्हटलं.

"तुझी भिंत जुनी आहे. तिला नख लागत नाही."

कामाचा रेटा होता. मी ते तिथेच सोडून दिलं.

मग एक दिवस कोपऱ्यावरचा औषधवाला आमच्याकडेच शिवलेला कोट घेऊन आला. बटण लागेना. पोट सुटलं होतं आणि बिचारा आरशात बघायला तयार नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. "अहो, चूक आमची! टेप जुनी झालीये, ताणली गेलीये. माप कमी भरलं. ठेवून जा, सैल करून देतो." औषधवाल्याचा चेहरा खुलला. जाताना आमच्या टेपला नावं ठेवून गेला.

हा अप्पांचा जुना रिवाज. जाड झालेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी कधी जाड झालात म्हटलं नाही. दर वेळी टेपच ताणलेली, दर वेळी चूक आमचीच. टेप मात्र नवी कोरी असायची, मीच आणायचे. तो आवाज मी लहानपणापासून ऐकलाय, जरासा खालचा, जरासा हसरा, समोरच्याला मान वर करायला वेळ देणारा. औषधवाला गेला, मी मशीनचं चाक फिरवलं आणि माझा हात थांबला. 'माझंच नख गं. सवय.' तोच आवाज होता तो. अगदी तोच.

मी पडदा सारून आत गेले. "अप्पा, ती वाळू आपोआप पडत होती ना?"

अप्पांनी चादरीचा एक दोरा ओढून काढला. मग म्हणाले, "पडदा ओढ."

मी ओढला. बाहेर कुणीसुद्धा नव्हतं.

"तिथं राहायला गेलो तेव्हापासूनच," ते म्हणाले. "पडून असलो की बारीक कुरकुर ऐकू यायची. म्हटलं सांगावं त्याला. तर तो गॅलरीत बिल्डरच्या ऑफिसशी फोनवर बोलत होता. काय गयावया करत होता गं! मिक्सर विकताना कुणापुढे एवढा वाकला नसेल. पलीकडचे हसले असावेत. फोन ठेवून तो माझ्या खोलीत आला, भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. हाताला वाळू लागली. मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, 'अप्पा, तुम्ही उकरता का ही?'"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"त्याला ते ऐकायचं होतं. तीन मित्रांना आणून बसवलंय त्याने तिथं. स्वतः कौतुकाने अंगात घातलेलं, आणि मी त्याच्या तोंडावर सांगायचं, बसत नाही म्हणून?"

"कोट नाहीये तो, अप्पा! घर आहे!" माझा आवाज इतका चढला की मलाच दचकायला झालं. "आणि उलटे का झोपत होतात?"

"उशीच्या वर छत जरा फुगलं होतं. म्हटलं डोकं नको तिथं, पाय असू देत." पावसात छत्री विसरल्याचं सांगावं तसं ते सांगत होते. "म्हणून तर म्हटलं खोली कुणी वापरायची नाही. मला लवकर परत पाठव. ती खोली मीच अडवून बसलेला बरा."

मी खाटेच्या कडेला बसले आणि रडले. मायेने रडले आणि संतापानेही रडले. या माणसाने सगळ्यांची लाज झाकता झाकता स्वतःचा जीव त्या छताखाली अंथरला होता, आणि वर आम्ही त्याला स्वार्थी म्हटलं होतं.

"छताचं सांग त्याला," अप्पा म्हणाले. "नखाचं नको. माझी शपथ आहे."

मी तडक गेले. रंगकाम झालं होतं. छत दुधासारखं पांढरं. फुगवटा खरवडून पुट्टी भरलीय, बिल्डरचा माणूस बघून गेला, वरवरचंच होतं म्हणाला, असं धाकटा घडाघडा सांगत होता, गिऱ्हाइकाला ओव्हन दाखवावा तसं. मी वर बघितलं, मग खाली बघितलं. नव्या रंगाच्या भिंतीखाली, फरशीवर, वाळूची एक पातळ रेघ पडली होती. ताजी. त्यानेही ती पाहिली. मी पाहतेय हेही पाहिलं.

आता कुणाचं नख, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. शपथ आठवली आणि तोंडात टाचण्या असल्यासारखी गप्प राहिले. धाकट्याने पायाने ती रेघ हळूच खाटेखाली सारली.

"पोरीला इथं झोपवू नकोस," मी म्हटलं.

"ती येतच नाही. आजोबांनी बजावलंय ना."

"अप्पांना कधी नेतोस? मधल्या खोलीत झोपतील."

"नेतो. पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा काही येईना. आता मला कळत होतं का ते. अप्पा नसतानाही वाळू पडत होती, आणि ज्याच्यावर ती ढकलायची तो माणूस त्याने घराबाहेर काढला होता. कुठल्या तोंडाने येणार? इकडे अप्पांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. पिशवी भरून त्यांनी खाटेच्या पायथ्याशी ठेवली होती. मोटारसायकलचा आवाज आला की मान वळवायचे. "आला का गं?" नाही म्हणताना माझा जीव तुटायचा. "कामात असेल," असं तेच मला समजवायचे.

आणि मग तो आला. भरदुपारी, दुकानात गिऱ्हाईक असताना. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, शर्टावर धूळ. क्षणभर मला वाटलं कुणी म्हातारा आलाय. माझ्याकडे न बघता पडदा सारून आत गेला आणि अप्पांच्या खाटेशी जमिनीवर बसला.

"छत पडलं," तो म्हणाला. "तुमच्या खाटेवर. उशी आधी असायची तिथंच. खाट मोडली, अप्पा."

अप्पा हातावर जोर देऊन उठायला लागले. "भिंगरी?"

"बाहेर टेबलाशी होती. रुसून बसली होती, आत वारा आहे आणि मला जाऊ देत नाहीत म्हणून. तुम्ही सांगितलं होतं म्हणून तिच्या आईने..."

अप्पा परत उशीवर टेकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानाशी गेलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"मी तिघांनाही फोन केला," धाकटा म्हणाला. "तिथूनच. म्हटलं, आजच्या आज पोरांना घेऊन बाहेर पडा, मी तुम्हाला फसवलंय. चष्मेवाला मला नाही नाही ते बोलला. बोलू दे." मग त्याने तोंड अप्पांच्या चादरीत खुपसलं. "ते तुमचं नख नव्हतं. मला माहीत होतं, अप्पा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी पडद्याशी उभी होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं बोलेल. एकदा तरी रागवेल, एखादी थोबाडीत देईल. अप्पांनी हात उचलला. त्या अंगठ्याच्या नखाने त्यांनी धाकट्याच्या केसांत अडकलेला प्लास्टरचा खडा सावकाश सोडवला, जसा टाका सोडवतात तसा.

"माझंच होतं रे," ते त्या ओळखीच्या आवाजात म्हणाले. "निघताना जरा जास्तच उकरून आलो."

तो असा रडला, की बाहेरचं गिऱ्हाईक कोट तसाच टाकून निघून गेलं.

इमारत रिकामी करायला लावली. तिचं पुढे काय होणार हे अजून कुणी सांगत नाही. बिल्डरचा फोन आता लागतही नाही. धाकटा बायकापोरीसह भाड्याच्या जागेत गेला. सामान काढायला थोडा वेळ दिला होता, तेव्हा सगळे टीव्ही-फ्रिज उतरवत होते आणि तो अप्पांच्या खोलीच्या दाराशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला होता. ती कडी घेऊन तो माझ्याकडे आला. मागच्या खोलीच्या जुन्या चौकटीला त्याने दार बसवून घेतलं आणि कडी स्वतः लावली. लाकूड जुनं, पण स्क्रू घट्ट बसले.

अप्पांनी ती कडी एकदाच लावली. मी हाताला धरून दाराशी नेलं, त्यांनी लावली, कान देऊन आवाज ऐकला, आणि दमून खाटेवर बसले. मग मलाच ती काढावी लागली, कारण मी आतच राहिले होते. त्यावर दोघंही हसलो. त्यानंतर त्यांना उठता आलं नाही. पण आम्ही सगळे दार वाजवून जायचो, आणि आतून विचारणा व्हायची, "कोण आहे?" रोज जरा हळू.

पानं गळायच्या दिवसांत अप्पा गेले.

माझा त्यांच्यावर अजून राग आहे. त्या दुपारी पोरीने हट्ट केला असता आणि आईचं मन विरघळलं असतं तर? दुसऱ्याची चूक अशी अंगावर घेऊन माणसं वाचत नाहीत, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आता सांगायचं कुणाला. औषधवाला नुकताच पुन्हा येऊन गेला, आणखी सुटलाय. मी म्हटलं, "टेप ताणलीये हो." आपोआप निघालं तोंडातून.

धाकटा कामावरून घरी जाताना रोज येतो. मागच्या खोलीत थोडा वेळ बसून जातो. मी त्याला अजूनही बरंच काही बोलते, पण एका गोष्टीवरून कधी बोलत नाही. आत जाण्याआधी तो दार वाजवतो. वाजवून थांबतो. जरा जास्तच थांबतो. मग दार ढकलून आत जातो.